रोज सायकलचं हेल्मेट घातल्याने डोक्याला काही होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय २७. गेले सात-आठ महिने कोथरूडहून हिंजवडीला सायकलने जाणं-येणं, हेल्मेट रोज. आता समोरचे केस विरळ वाटतात, हेल्मेट काढलं की आत चार-पाच केस चिकटलेले दिसतात, डोक्याला खाज सुटते आणि ऑफिसला पोचेपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. आई म्हणते, ‘डोक्याला हवा लागत नाही, उष्णता होते, टक्कल पडेल.’ मित्र म्हणतो मानेचे मणके जातील. खरं काय?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि पुण्यातच सायकल चालवते. त्यामुळे हा प्रश्न मला दवाखान्यातही विचारतात आणि सिंहगडाच्या पायथ्याशी चहा पिताना पण विचारतात. आधी सरळ सांगते: हेल्मेटमुळे टक्कल पडत नाही. खाज, कोंडा, कपाळावरच्या पुटकुळ्या आणि कपाळ ठणकणं हे मात्र हेल्मेटमुळे होऊ शकतं, आणि ते सगळं बरं होण्यासारखं आहे. आईंनी दोन निराळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे.

हेल्मेट केसांना किंवा त्वचेला जे काही करतं ते जिथे टेकतं किंवा घासतं तिथे करतं, हे एकदा लक्षात घेतलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात. तुमचं हेल्मेट उलटं करून हातात घ्या. पुढे कपाळावर येणारा रुंद पॅड, वर दोन-तीन अरुंद पट्ट्या, आणि मागे, डोक्याचा जो फुगवटा असतो त्याच्या खाली बसणारी प्लास्टिकची पकड, जिची चकती फिरवून आपण हेल्मेट आवळतो. सगळ्यात जास्त आवळलेली ही मागची पकड आणि समोरचा पॅड. आता टक्कल पडलेले कुणी काका डोळ्यांसमोर आणा. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकलेले, टाळूवर मोकळी जागा, आणि मागे कानापासून कानापर्यंत केसांची भक्कम झालर. म्हणजे हेल्मेट जिथे जोरात धरतं तिथले केस शाबूत, आणि जिथे झरोक्यांतून वारा खेळतो तिथले गेलेले! हेअर ट्रान्सप्लांट करणारे सर्जन केसांची मुळं उचलतात ती याच मागच्या भागातून, कारण तिथले केस सहसा टिकतात. दाबाने टक्कल पडत असतं तर सायकलवाल्यांना ते मागून पडलं असतं.

पुरुषांचं टक्कल ठरतं हॉर्मोन आणि आनुवंशिकता यांच्या संगनमताने. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढावे लागले, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. त्यांनाच टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. पुढे कळलं की खरा कारभारी टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन आहे. ते तयार करणारं एक एन्झाइम जन्मतःच कमी असलेली काही कुटुंबं डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडली, त्यांच्याविषयी १९७४ मध्ये छापून आलं, आणि त्या पुरुषांमध्ये असं टक्कल दिसत नाही. फिनास्टेराइड ही गोळी याच एन्झाइमला आवर घालते. पुरुषांच्या टकलासाठी तिला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. या सगळ्या साखळीत हेल्मेटला शिरायला जागाच नाही. आणि ‘मामाला टक्कल म्हणून भाच्याला’ हे अर्धंच खरं आहे. एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो, पण बाकीचे कितीतरी दोन्हीकडून येतात. तेव्हा वडिलांचे, काकांचे जुने फोटोही काढून बघा.

‘हवा लागत नाही’ याबद्दल एवढंच सांगते की केसाचं मूळ त्वचेखाली तीन-चार मिलिमीटर खोल असतं आणि त्याला ऑक्सिजन पुरवतं रक्त. त्वचेच्या बाहेर दिसतो तो केस जिवंत नसतोच, म्हणून तर कापताना दुखत नाही. गावाकडे आयुष्यभर टोपी न उतरवलेले म्हातारे असतात. त्यांतल्या कुणाच्या टोपीखाली दाट पांढरे केस असतात, कुणाच्या टोपीखाली काहीच नसतं. टोपी दोघांचीही तीच.

मग हेल्मेटवर आळ येतो कुठून? बहुतेक वेळा योगायोगातून. पुरुषांचे केस मागे सरकायला लागल्याचं जाणवतं ते पंचविशीच्या आसपास, आणि पहिल्या बऱ्या पगारातून चांगली सायकल व तिच्याबरोबर हेल्मेट येतं तेही त्याच वयात. दोन्ही एकाच सुमाराला आयुष्यात आली की दोष पडतो तो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर. त्यातून हेल्मेट घालून उतरलं की आपण आरशात बघून केस सारखे करतो, घामाने ते चिकटून टाळू दिसत असते, आणि ‘अरे, इथे तर विरळ झालंय’ हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात येतं. ओल्या, चपट्या बसलेल्या केसांत कुणाचीही टाळू दिसते.

दुसरा योगायोग जास्त महत्त्वाचा, आणि माझ्याकडे येणाऱ्या नव्या सायकलस्वारांत तो मी वारंवार बघते. माणूस सायकल सुरू करतो वजन उतरवायला. त्याच आठवड्यात भात बंद, पोळी एक, रात्री नुसतं सूप. सकाळी तीस-चाळीस किलोमीटर मारून यायचं आणि नाश्त्याला पपईच्या चार फोडी. वजन झपाट्याने उतरतं, सगळे कौतुक करतात, आणि दोन-तीन महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका अडकायला लागतो. याला आम्ही टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतो. शरीराला धक्का बसला की बरेचसे केस एकदम वाढीच्या अवस्थेतून विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तिथे साधारण तीन महिने काढून मग गळतात. धक्का कसलाही असू शकतो: डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, उपासमारीचं डाएट. केस गळतात तेव्हा धक्का मागे पडलेला असतो, म्हणून त्याची आठवण होत नाही. हेल्मेट मात्र समोर खुंटीला टांगलेलं असतं. तेव्हा आज केस गळत असतील तर आजचं हेल्मेट बघू नका, तीन महिन्यांपूर्वीचं कॅलेंडर बघा. हे केस परत येतात. जेवणात डाळ, उसळ, अंडी, दूध वाढवावं लागतं आणि शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे रक्तातलं फेरिटिन, तपासून घ्यावं लागतं. मुलींमध्ये तर हे हटकून बघावं. बायोटिनच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. त्यांनी केसांचं फार भलं होत नाही, आणि थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे आकडे त्यांच्यामुळे चुकीचे येतात, हा त्रास वेगळाच.

हेल्मेटमधले चार-पाच केस हा मुद्दा उरला. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे सामान्य. ते उशीवर, कंगव्यात, फरशीवर विखुरतात म्हणून दिसत नाहीत. हेल्मेटमध्ये घाम असतो, पॅडचं वेल्क्रो असतं, केस तिथे अडकून राहतात आणि मोजता येतात. त्यातला एखादा पांढऱ्या कागदावर ठेवून त्याचं टोक बघा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो त्याचं आयुष्य संपवून गळलेला केस. हेल्मेट नसतं तर अंघोळीत गेला असता. गाठ नसेल, केस आखूड असेल आणि टोक फाटलेलं असेल, तर तो घासून किंवा ओढून तुटलेला. हा मात्र हेल्मेटचा असू शकतो. मूळ शाबूत असल्याने तो पुन्हा वाढतो.

दवाखान्यात मी काय करते तेही सांगते, म्हणजे तपासणीची धास्ती वाटणार नाही. पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढायची. हातात पाच-सहापेक्षा जास्त आले तर गळती खरोखर चालू आहे. मग डर्मोस्कोप, म्हणजे दिवा लावलेलं भिंग, आधी समोर टेकवायचं आणि नंतर मागे. मागे सगळे केस एकसारख्या जाडीचे, एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन निघालेले. समोर जाड केसांच्या मधेमधे तलम, फिकट, लवीसारखे केस आणि बऱ्याच छिद्रांतून एकच एक केस, असं दिसलं की निदान झालं: ते आनुवंशिक टक्कल आहे. मोबाईलला जोडलेल्या पडद्यावर हे दोन भाग शेजारी-शेजारी दाखवले की पेशंट स्वतःच म्हणतो, ‘मागे तर हेल्मेट जास्त आवळतं!’ मग मला भाषण द्यावं लागत नाही.

आता अपवाद सांगायला हवेत, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. केस सतत ओढले गेले तर ते खरोखर जातात. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींत, रोज ताणून पोनीटेल बांधणाऱ्यांत आणि केस वर ओढून जुडा बांधणाऱ्या काही शीख पुरुषांत कपाळाच्या कडेने केस मागे सरकलेले दिसतात. दोष पगडीच्या झाकण्याचा नाही, ओढण्याचा आहे. सायकल चालवणाऱ्या मुलींनो, हे तुमच्यासाठी: उंच, घट्ट पोनीटेल, वरून स्कार्फ, त्यावर हेल्मेट, असं करू नका. हेल्मेट मागच्या पकडीवर नीट बसत नाही, मग ते वर सरकतं आणि प्रत्येक खड्ड्याला कपाळाजवळचे केस ओढतं. मानेजवळ खाली सैल वेणी घाला. आणि न्हाऊन लगेच ओल्या केसांवर हेल्मेट चढवू नका. ओला केस ताणाला लवकर तुटतो. अगदी सुरुवातीला हा ताण थांबवला तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू ठेवला तर येत नाहीत.

निव्वळ दाबानेही केस जातात, पण त्यासाठी लागणारा दाब हेल्मेटच्या आवाक्यातला नाही. आठ-दहा तास चालणाऱ्या ऑपरेशनमध्ये किंवा आयसीयूत माणूस न हलता पडून असतो, डोक्याचा सगळा भार मागच्या एकाच जागी येतो आणि तिथला रक्तपुरवठा थांबतो. मग काही दिवसांनी तिथे केस जाऊन चकती पडते. सायकलवर डोकं सतत हलत असतं, हेल्मेटचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास आणि ते सगळ्या माथ्यावर वाटलेलं. बीआरएमवाले, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ल्याच्या राइड पुऱ्या करणारे सायकलस्वार, २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या मुदतीत मारतात, ६०० ला चाळीस तास असतात. तिथे हेल्मेट सक्तीचंच, आणि त्या मंडळींच्या माथ्यावर पॅडच्या आकाराच्या चकत्या पडलेल्या मी तरी बघितलेल्या नाहीत. केस चपटे होऊन कपाळावर वळ मात्र उठतो. तो तासाभरात जातो. मोठ्या माणसाच्या कवटीचा आकार हेल्मेटने बदलत नाही. तान्ह्या बाळांचं चपटं डोकं गोल करायला वैद्यकीय हेल्मेट वापरतात हे खरं, पण ती कवटी वाढत असते आणि ते हेल्मेट दिवसातले जवळजवळ तेवीस तास डोक्यावर असतं.

तुमच्या खाजेकडे येते. इथे आईंचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त गुन्हेगार उष्णता नसून घाम आणि तेल आहे. आपल्या सर्वांच्या टाळूवर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट असते. ती त्वचेतल्या तेलावर जगते, आणि ऊब व ओलावा मिळाला की फोफावते. हेल्मेटखाली तिला दोन्ही मिळतं. त्यातून कोंडा आणि खाज वाढते, भुवयांपाशी, नाकाच्या बाजूला लालसर पापुद्रे सुटतात. आता गंमत अशी की डोक्याला खाज सुटली की आपल्या घरात पहिला उपाय काय? रात्री खोबरेल तेल चोपडणं. कोंडा असताना तेल म्हणजे त्या यीस्टला जेवायला वाढणं. कोंडा जाईपर्यंत तेल बंद ठेवा. दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस करून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग धुवायचा, असं चार आठवडे. लोक तो लावून लगेच धुऊन टाकतात आणि मग ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणतात. मधल्या दिवशी घामेजलेलं डोकं साध्या पाण्याने किंवा सौम्य शाम्पूने धुतलं तरी चालतं. रोज शाम्पू केल्याने केस गळत नाहीत. गळायला तयार झालेले केस तेव्हा हातात येतात, इतकंच.

कपाळावर पॅडच्या रेषेत पुटकुळ्या येत असतील तर ती घासण्यातून आणि दाबातून येणारी मुरुमं आहेत. अमेरिकेतल्या फुटबॉल खेळाडूंना हनुवटीच्या पट्ट्याखाली अशीच येतात. पॅड बदला किंवा खाली पातळ सुती टोपी घाला, आणि सायकलवर निघण्याआधी जाड, तेलकट सनस्क्रीन कपाळावर थापू नका. हनुवटीखाली, नेमकी पट्टा किंवा बक्कल टेकतं तिथे, खाजरी लाल पट्टी उठली तर ती पट्ट्यातल्या रंगाची, रबराची किंवा चिकटद्रव्याची ॲलर्जी असू शकते. त्याला पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्य पट्टीने त्वचेवर लावून बघायची चाचणी, करून घ्यावी. केसांच्या मुळाशी पिवळसर टोकाचे दुखरे फोड आले तर तो जंतुसंसर्ग आहे. तो अंगावर काढू नका, कारण खोलवर गेलेला फोड वण सोडतो आणि वणावर केस येत नाहीत. दुसऱ्याचं हेल्मेट तसंच उचलून घालणं मात्र टाळा. उवा आणि काही फंगस असे फिरतात, लहान मुलांत जास्त. गडाच्या पायथ्याशी किंवा रिसॉर्टवर भाड्याच्या सायकलीबरोबर मिळतं त्या हेल्मेटखाली आपला स्वच्छ रुमाल बांधायला लाजू नका.

पूर्ण टक्कल असलेल्यांचा त्रास आणखी वेगळा आहे. झरोक्यांतून ऊन थेट टाळूवर पडतं, दोन उन्हाळ्यांत माथ्यावर काळ्या-गोऱ्या पट्ट्यांचं नक्षीकाम तयार होतं आणि मंडळी माझ्याकडे ‘कोड आलंय का?’ असं विचारत येतात. हेल्मेटचा माथ्यावर दिसणारा एवढा ठळक परिणाम दुसरा नाही. पातळ टोपी आणि सनस्क्रीन हाच त्यावर उपाय.

कपाळ ठणकणं खरं आहे आणि डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा आहे. डोक्याला बाहेरून सतत दाब बसल्याने होणारी डोकेदुखी; पोहण्याचा गॉगल लावणाऱ्यांनाही होते. तिच्या खुणा सोप्या आहेत: हेल्मेट घातल्यापासून तासाभरात सुरू होते, जिथे दाब तिथेच सगळ्यात जास्त दुखते आणि हेल्मेट काढल्यावर तासाभरात पूर्ण थांबते. तुमची ऑफिसला पोचून चहा होईपर्यंत थांबत असेल तर ती हीच. दुपारपर्यंत रेंगाळत असेल, उलटी होत असेल, उजेड सहन होत नसेल तर मायग्रेनचा विचार करायला हवा, आणि मायग्रेनवाल्यांना हेल्मेटचा दाब लवकर चाळवतो. उपाशीपोटी, पाणी न पिता निघणं हेही कारण असतंच.

यावरचा इलाज औषध नव्हे, माप. शिंप्याच्या फितीने भुवयांच्या बोटभर वरून आणि मागच्या फुगवट्यावरून डोक्याचा घेर मोजा आणि हेल्मेटच्या आत छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून बघा. घेर जुळूनही त्रास होतो तो आकारामुळे: काही डोकी लांबट असतात, काही गोल, आणि गोल हेल्मेट लांबट डोक्याला पुढे-मागे टोचतं तर लांबट हेल्मेट गोल डोक्याच्या कानशिलांना. दुकानात घालून लगेच काढू नका. पंधरा मिनिटं घालून दुकानातच फिरा, मग आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखा फिकट पट्टा उमटला असेल तर ठीक. एकाच जागी लालभडक ठिपका असेल तर ते हेल्मेट तुमचं नव्हे, कितीही सूट मिळत असली तरी. मागची चकती डोकं हलवल्यावर हेल्मेट हलणार नाही इतपतच आवळा. बरेच जण पट्टा सैल सोडतात आणि त्याची भरपाई चकती करकचून करतात. उलटं हवं: पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळलेले, हनुवटीखाली एक बोट जाईल इतपत घट्ट, आणि चकती बेताची.

मानेचं म्हणाल तर इथे बाईकच्या हेल्मेटचं खापर सायकलच्या हेल्मेटच्या माथी फोडलं जातं. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की मान, मणके, केस, कमी ऐकू येणं असं सगळं एकदम बाहेर येतं. तो वाद मोटारसायकलच्या हेल्मेटचा. ते सव्वा-दीड किलोचं, कान झाकणारं, बंद. त्याच्याबद्दल काय बोलायचं ते बोला. सायकलचं त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकं. खुद्द डोक्याचंच वजन साडेचार-पाच किलो असतं. सायकलवर मान दुखते ती बहुतेक वेळा हँडल खाली आणि लांब असल्याने, मान वर उचलून तासभर रस्ता बघावा लागतो म्हणून. हँडल थोडं वर घेऊन बघा. हेल्मेटचा पुढचा छज्जा खाली आला असेल तर तो काढून टाका, त्याच्याखालून बघायला मान आणखी उचलावी लागते.

उष्णतेबद्दल फार लिहीत नाही. चालत्या सायकलवर झरोक्यांतून वारा खेळत राहतो आणि घाम वाळतो. सिग्नलला थांबलं की गरम होतं, हे खरं. पण ती कपाळावर जाणवणारी गरमी. तिने मेंदू तापत नाही.

ज्या कामासाठी हेल्मेट आहे ते माझ्या प्रांताबाहेरचं, तरी दोन आकडे देते. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जेक ऑलिव्हिए आणि प्रूडन्स क्रेटन यांनी २०१७ मध्ये ४० अभ्यास, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार, एकत्र करून हिशेब मांडला. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी कमी, गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी. मानेच्या दुखापतींचा हेल्मेटशी स्पष्ट संबंध दिसला नाही, हे तुमच्या मित्राला सांगा. आतला थर्माकोल आपटल्यावर चिरडतो आणि डोकं थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो, एवढंच त्याचं काम. युरोपच्या ईएन १०७८ मानकात तो सपाट पृष्ठभागावर दीड मीटरच्या पडण्याला तपासतात, म्हणजे ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटरचा आघात. त्यामुळे भरधाव ट्रकपुढे ते कवच नव्हे, पण ओल्या रस्त्यावर घसरून फुटपाथच्या कडेवर डोकं आपटतं तेव्हा नेमकं कामाला येतं. थर्माकोल एकदाच चिरडतो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद. आणि माझ्या प्रांतातलं एक: टाळूवरच्या खोल जखमेला टाके पडले की त्या वणावर केस उगवत नाहीत. हेल्मेटशी संबंधित कायमचं टक्कल मी पाहिलंय ते या प्रकारचं, ते न घातलेल्यांचं.

आता तुम्ही करायचं काय. पॅड काढता येतात, वेल्क्रोवर असतात. आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये नको, गरम पाणी नको. कवचाला थिनर, पेट्रोल, सॅनिटायझर काही लावू नका, थर्माकोल खराब होतो. ओल्या फडक्याने पुसा. पट्ट्यावर घामाच्या मिठाची पांढरी रेघ दिसते ती साबणाने जाते. ऑफिसला पोचल्यावर हेल्मेट बॅगेत कोंबू नका, उघड्यावर उलटं ठेवा म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळतं. पावसाळ्यात पॅडचा दुसरा जोड जवळ ठेवणं सगळ्यात उत्तम. ओला पॅड दोन दिवस डोक्यावर राहिला की खाज ठरलेली.

समोरचे केस विरळ होत आहेत ते एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून निदान पक्कं करा. चकतीच्या आकाराचं एकदम टक्कल पडलं, टाळू लाल होऊन दुखत असेल किंवा त्वचा गुळगुळीत चकचकीत दिसत असेल तर लगेच दाखवा, वाट बघू नका. आनुवंशिक टक्कल निघालं तर टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध लवकर सुरू केलं तर ते असलेले केस टिकवतं आणि काही जाडही करतं. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून सोडू नका. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की मिळालेलं परत जातं. फिनास्टेराइड डॉक्टरांशी दुष्परिणामांबद्दल नीट बोलूनच घ्यायचं. सायकलवाल्यांसाठी एकच पथ्य जास्त: मिनॉक्सिडिल लावल्यावर ते पूर्ण वाळून मुरायला दोन ते चार तास द्यावे लागतात. सकाळी लावून लगेच हेल्मेट घातलं तर निम्मं पॅडला जाईल आणि घामाबरोबर कपाळावर उतरून तिथे लव वाढवेल. रात्री जेवण झाल्यावर लावा. सुरू करण्याआधी समोरचा आणि टाळूचा फोटो खिडकीपाशी, कोरड्या केसांचा, काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्याच खिडकीपाशी पुन्हा काढा. रोजच्या आरशात हा फरक कळत नाही.